जुनी फियाट घरी सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळे जिला फियाट म्हणतात ती गाडी, उभी असते. गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर ती विकायची की ठेवायची यावर घरात बरंच बोलणं झालं आणि शेवटी किल्ली माझ्याकडे आली. मी मेकॅनिक नाही. पाना हातात धरायला चाळिशीनंतर शिकले. कुणी गाडी बघायला येतं, कुणी फोन करतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते एका जागी लिहून ठेवले आहेत. उदाहरणं पद्मिनीची असली तरी कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांना ती लागू पडतील.

१. ताई, वडिलांची फियाट चार-पाच वर्षं जागेवरच उभी आहे. नवी बॅटरी टाकून सेल्फ मारू का?

नका मारू. उभ्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या सेल्फमध्येच होतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो.

आधी टाकी रिकामी करा. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढेमागे ढकला. इंजिन फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. मग जुनं ऑइल काढून नवं भरा, रेडिएटरचं पाणी बदला, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, आणि त्यानंतरच सेल्फ. ब्रेक तपासल्याशिवाय मात्र गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर नेऊ नका (प्रश्न ९).

२. घरी काय करता येतं आणि गॅरेजला काय द्यावं?

ऑइल, प्लग, पॉइंट, फॅन बेल्ट, होज पाइप, फ्यूज, बल्ब, कार्ब्युरेटरची वरवरची सफाई, ब्रेकची हवा काढणं, हे सगळं घरी जमतं. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) एकदा कुणाच्या शेजारी उभं राहून शिका, मग तेही जमेल. हेड उतरवणं, क्लच प्लेट, गिअरबॉक्स, वेल्डिंग आणि स्टिअरिंगचे जोड मी जाणत्या मिस्त्रीकडेच देते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका. विटांचा थर म्हणजे घोडी नव्हे, वीट अचानक फुटते.

कामाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणता पार्ट टाकला. सासऱ्यांनी १९८४ पासून शंभरपानी वह्यांत सगळं लिहून ठेवलंय, आणि मला आलेल्या निम्म्या अडचणींची उत्तरं त्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेली सापडली.

३. कोणती हत्यारं घ्यावीत आणि कुठून?

फिक्स आणि रिंग पान्यांचा एकेक संच, सॉकेट सेट, चांगले स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), मल्टिमीटर, हायड्रॉलिक जॅक आणि दोन घोड्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळं एका चकरेत मिळतं. पान्यांवर पैसे वाचवू नका. हलक्या पान्याचा जबडा पसरतो, नटाच्या कडा गोल होतात, आणि तो एक नट काढण्यात अख्खा रविवार जातो.

४. इंजिन ऑइल कोणतं घालू?

साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनासाठी नाही, जुन्या सीलमधून ते झिरपत राहतं. पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी कमी चालते म्हणून ऑइल तीन वर्षं ठेवणारे बरेच भेटतात. कमी चालणाऱ्या गाडीचंच ऑइल लवकर बिघडतं, कारण त्यात साचलेली ओल उडून जायला इंजिन पुरेसं तापतच नाही.

५. सकाळी चालू व्हायला त्रास देते, चालू झाली तर मिसिंग करते. कार्ब्युरेटर बदलू का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. आणि बहुतेक वेळा दोष कार्ब्युरेटरचा नसतो, करंटचा असतो. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी डेल्को, म्हणजे प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडा.

टोपी दोन क्लिपांवर असते. ती काढा, उलटी करून उजेडात धरा. आतल्या पितळी खुंट्यांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर टोपीला तडा गेलाय आणि करंट त्यातून पळतोय. ती टोपी बदलायचीच. पावसाळ्यात आत नुसती ओल असते, कोरड्या फडक्याने पुसली की गाडी पहिल्या सेल्फला लागते.

मग रोटर उचला. खाली दोन छोटे धातूचे ठिपके एकमेकांना टेकलेले दिसतील, ते पॉइंट. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुसटशी ढकलत राहा, म्हणजे आतला कॅम फिरेल. कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आला की फट सगळ्यात मोठी होते. तिथे फिलर गेज घाला. फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. मी ०.४५ ठेवते. पातं किंचित घासत जायला हवं, अडायला नको आणि मोकळंही सुटायला नको. पहिल्यांदा मला या एका फटीला पाऊण तास लागला होता, कारण स्क्रू आवळताना ती दर वेळी हलते. उपाय असा: स्क्रू अर्धवट आवळा, फट जुळवा, मग पूर्ण आवळा आणि पुन्हा मोजा.

ठिपके काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसा. एका ठिपक्यावर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा तयार झाला असेल, तर कंडेन्सर खराब किंवा चुकीचा आहे. तेव्हा पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. फट बदलली की टायमिंगही सरकतं हे लक्षात ठेवा: फट वाढली की ठिणगी आधी पडते. म्हणून पॉइंट बसवल्यावर टायमिंग तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना नंबर लावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. हे सगळं करूनही मिसिंग राहिलं तर मग कार्ब्युरेटर, आणि तरीही राहिलं तर प्रश्न १७.

६. सिंहगड चढताना किंवा दिवे घाटात गाडी उकळते. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका.

काढू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन शहरात कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल साचते आणि झीज वाढते. तो खराब असेल तर नवा टाका. तपासणं सोपं आहे: पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो बुडवा आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या बेताला येईपर्यंत झडप उघडायला हवी.

खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. बोअरिंगचं पाणी वर्षानुवर्षं भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. फॅन बेल्ट सैल असतो. वॉटर बॉडीतून (पाण्याच्या पंपातून) थेंब गळत असतात. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ती रेडिएटरची टोपी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला तर त्याहून दोन-तीन अंश आधी. टोपी दाब धरते म्हणून पाणी शंभराच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. टोपीचं रबर कडक झालं की तो दाब गेला. हा अगदी स्वस्त पार्ट आहे, आधी तो बदला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा.

गाडी उकळलीच तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि अर्धा तास काहीही करू नका. गरम टोपी उघडली तर हात भाजतो, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा तडकतं.

७. तापमान नॉर्मल दाखवतं, पण उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडते. तासाभराने आपोआप चालू होते. का?

दोन शक्यता. एक, व्हेपर लॉक: पेट्रोल पंप इंजिनावरच असतो, त्याच्या उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर पाच-सात मिनिटांत चालू झाली तर हेच कारण. दोन, गरम झाल्यावर दम तोडणारी कॉइल किंवा कंडेन्सर. बंद पडताक्षणी एक प्लग काढून बॉडीला टेकवा, सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर करंट ठीक आहे, पिवळी किंवा गायब असेल तर कॉइल-कंडेन्सर बघा. हे करताना काढलेला प्लग पेट्रोलच्या पाइपापासून लांब धरा. व्हेपर लॉक असेल तर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर वळवून घ्या.

८. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

काळजी घ्यावी लागते, घाबरण्याचं कारण नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं: पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या सुईचं टोक, गॅस्केट. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज आणतं.

पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे, म्हणजे व्हायटॉनचं अस्तर असलेले घ्या. पंपाजवळ साधा पारदर्शक फिल्टर लावा, त्यात तळाशी पाण्याचा थेंब किंवा तांबूस गाळ दिसला की कळतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण हलकं होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि कार्ब्युरेटर ते आपणहून सुधारत नाही. प्लग पांढरेफटक दिसायला लागले आणि चढाला गाडी अडखळायला लागली तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका. यावर माझं दुसरं काहीच म्हणणं नाही.

९. ब्रेक लागतात, पण पॅडल दोनदा मारावं लागतं. चालवू का?

नाही. हे मी अनुभवाने सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी चारही चाकांचे लायनर बदलून घेतले. तिथल्या मुलाने व्हील सिलिंडर पेट्रोलने स्वच्छ धुतले. चकचकीत केले आणि मलाही ते बघून बरं वाटलं. पण सिलिंडरच्या आतली रबरी वायसरं पेट्रोलने फुगतात. तीन आठवड्यांनी सिंहगडावरून उतरताना पॅडल एकदम खाली गेलं. ब्रेक नाहीच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, वेग कमी होता, म्हणून पहिला गिअर टाकून आणि हँडब्रेक ओढून ती डोंगराच्या बाजूला लावता आली. शेजारी माझी मुलगी बसली होती. त्या दिवसापासून ब्रेकचं काम मी स्वतः करते, किंवा करताना समोर उभी राहते.

जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांत बहुधा ब्रेकची लाइन एकच असते, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. सिलिंडर धुवायचा तो फक्त ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने, पेट्रोल-रॉकेलने कधीच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. ताजं असताना फिकट पिवळसर असतं, चहासारखं दिसायला लागलं की गेलं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. चाकाच्या सिलिंडरवरच्या निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पॅडल दाबून धरतो, तुम्ही निपल अर्धा फेरा सैल करता, बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद, मगच पॅडल सोडायचं. आमच्याकडे मुलगी आत बसते आणि मी खालून ओरडते: "दाब... धरून ठेव... आता सोड." बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उकलतो.

ड्रममधली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

१०. पार्ट मिळतात का अजून?

मिळतात, पण फिरावं लागतं. आधी नाना पेठ. सोबत जुना पार्ट न्या, नुसतं नाव सांगून चालत नाही, कारण वर्षागणिक बारीक फरक आहेत. हँडल, मोनोग्राम, काचेच्या चौकटी, मीटर असलं काही हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. मिळेल याची खात्री नाही, पण माझ्या मागच्या दिव्याची मूळ काच मला तिथेच मिळाली. इथे नाही मिळालं तर मुंबईत कुर्ला. बुश, पिना, स्पेसर असलं काही मिळेनासं झालं असेल तर भोसरी-चिंचवडच्या लेथवाल्याकडून नमुन्याबरहुकूम करून घेता येतं.

एक सावधगिरी. जुन्या स्टॉकमधला पॅकबंद रबरी पार्ट बघून मोहात पडू नका. वीस वर्षं डब्यात राहिलेलं रबरही कडक होतंच. लोखंडी पार्ट जुन्या स्टॉकचा घ्या, रबर नेहमी नवं. टायरचंही तसंच: कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांच्या पुढचा टायर काढून टाका.

११. पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी?

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो आणि पत्रा झाकलेला असतानाच गंजतो. छपराखाली कापडी कव्हर पुरेसं. मे महिन्यात दरवाजांच्या खालच्या कडेची पाण्याची भोकं बारीक तारेने मोकळी करा. पायाखालच्या मॅट उचलून पत्रा बघा, बोटाने दाबल्यावर कुरकुरला तर आतून गेलाय. अशा जागी लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे भेटतात. ते काम एक पावसाळाही टिकत नाही, कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवा, जागेवर रेस करून ठेवणं त्याच्या जागी चालत नाही. उंदरांसाठी बॉनेटखाली रोज एकदा नजर टाका.

१२. बॅटरी दर पंधरा दिवसांनी उतरते.

मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवं. ते येत नसेल तर चार्जिंग बघा. जुन्या गाड्यांतला डायनॅमो आयडलला फारसा करंट देतच नाही, त्यामुळे लाइट लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की बॅटरी खर्ची पडते. चार्जिंग ठीक असूनही उतरत असेल तर गाडी बंद असताना कुठेतरी करंट जातोय: एकेक फ्यूज काढून बघा. सोपा उपाय म्हणजे निगेटिव्हवर कटआउट स्विच.

१३. आरसीची मुदत संपत आली. काय करावं लागतं?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. सोबत विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरल्याची पावती आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. गाडी प्रत्यक्ष तपासतात. मोटारीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलाने २० वर्षांपुढच्या मोटारींना ते १०,००० झालं. जाण्याआधी वाहन पोर्टलवर आकडा बघून घ्या. मुदत उलटली तर उशिराचा आकार महिन्यांच्या हिशेबाने वाढत जातो.

चेसिस नंबर गंजाखाली गेला असेल तर ग्राइंडर लावू नका, अक्षरं गेली तर मोठी पंचाईत. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावावी लागते, ती आधी लावून घ्या.

१४. मुंबईतल्या फियाट टॅक्सी बंद झाल्या. आपल्याही गाड्या बंद करतील का?

तो नियम वेगळा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. खासगी गाडीला ती मर्यादा लागू नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची जी चर्चा ऐकता ती दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राची. पुण्यात नूतनीकरण, विमा आणि पीयूसी चालू असेल तर गाडी चालवता येते.

१५. माझी गाडी ५० वर्षांची झाली. विंटेज म्हणून नोंदवू का?

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज नोंदणी मिळते. नवी नोंदणी २०,००० रुपये, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांसाठीच. भाजी आणायला मंडईत नेणार असाल तर साधी आरसीच बरी.

१६. रंग बदलला, दुसरं इंजिन टाकलं, सीएनजी बसवला तर?

तिन्हींची आरसीवर नोंद हवी, आणि इंजिन बदलायचं असेल तर परवानगी आधी. नोंद नसलेल्या बदलावर विमा कंपनी क्लेम अडवू शकते, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत तेच निघतं. सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी दाब-चाचणी लागते. विजेवर करायची असेल तर मान्यताप्राप्त किटच चालतं. माझं मत विचाराल तर मूळ १०८९ सीसीचं इंजिन दुरुस्त होण्यासारखं असताना ते काढू नये.

१७. तीन मेकॅनिकनी सांगितलं, "इंजिन काम करावं लागेल." कसं ठरवू?

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि चारही आकडे वहीत लिहा. चारही आकडे कमी पण सारखे असतील तर इंजिन सरसकट झिजलंय, अजून काही वर्षं चालेल. एकच आकडा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. नुसत्या व्हॉल्व्हसाठी अख्खं इंजिन उघडायची गरज नसते, हेड उतरवून भागतं. पण त्याआधी टॅपेट तपासा. टॅपेट फार टाइट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आकडा पडतो. माझ्या ओळखीच्या एका फियाटचं तिसऱ्या सिलिंडरचं "इंजिन काम" दहा मिनिटांत फिलर गेजने झालं.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा आणि गोडसर वासाचा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळतंय. इथे एक अपवाद आहे आणि त्यात लोक हमखास फसतात. ऑइलच्या टोपीखाली सायीसारखा पांढरट थर दिसला की हेड गॅस्केट गेलं असं सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये डेक्कन ते कोथरूड एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा थर नुसत्या ओलीनेही येतो. आधी डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरची पातळी हलत नसेल, तर टोपी पुसा, एका रविवारी गाडी लोणावळ्यापर्यंत नेऊन आणा आणि घरी आल्यावर टोपी पुन्हा उघडून बघा.